पहिलं सोन्याचं नाणं: घेण्याआधी मोडीचा भाव विचारा

दसऱ्याच्या दिवशी तासभर रांगेत उभं राहून मी माझं पहिलं सोन्याचं नाणं घेतलं. एक ग्रॅम, वर लक्ष्मी, लाल मखमली डबी. दोन वर्षांनी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तेव्हा ते नाणं घेऊन त्याच दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा गोड बोलला, "पैसे नाही देत ओ आम्ही. बदल्यात दागिना घ्या की." दागिन्यानं मोतीबिंदू निघत नाही. मग दुसरी पेढी. तिथं पाकीट फोडलेलं म्हणून कट आणि माल दुसऱ्याचा म्हणून आणखी कट. भाव तोवर चढला होता म्हणून तोटा झाला नाही एवढंच.

त्यात माझा पेशा हिशेबाचा! सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांची खाती लिहितो. दुसऱ्याच्या बिलातली चूक लगेच दिसते, स्वतःचं नाणं घेताना मात्र मी फक्त डबी बघितली होती. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी, म्हणजे यंत्रमागावरचा पोरगा असो नाहीतर विडी कारखान्यातून सुटलेली मावशी, "पहिलंच नाणं घ्यायचंय, कसं घेऊ?" म्हणालं की मी आधी एक प्रश्न पाठ करून घेतो. दुकानात शिरल्यावर तोच पहिला विचारायचा: "हेच नाणं आज संध्याकाळी परत आणलं तर माझ्या खात्यावर किती जमा कराल?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं तर बाकीच्या पायऱ्या सोप्या जातात.

आधी पैसा बघा

नाण्यात घालायचा पैसा किमान दोन वर्षं लागणार नाही असा असावा. पोराची फी, घरभाडं, दवाखाना यांचं बाजूला काढून उरलेला. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर सोनं घेऊ नका. सोनं किती वाढेल ते कुणी सांगू शकत नाही, हप्त्यावरचं व्याज मात्र ठरलेलं असतं.

बजेट ठरवताना बहुतेक जण एक चूक करतात. पेपरात ग्रॅमचा भाव बघतात, तेवढेच पैसे खिशात घालून निघतात आणि काउंटरवर दोघा-तिघांना फोन लावत बसतात. पेपरातल्या भावावर घडणावळ चढते आणि त्या बेरजेवर ३ टक्के जीएसटी. तेव्हा एक ग्रॅम घ्यायचं तर भावापेक्षा निदान दहा टक्के जास्त जवळ ठेवा. उरले तर सुभाष चौकात चहा घ्या.

सराफाची भिशी हा दुसरा रस्ता. दरमहा हजार-दोन हजार भरायचे, अकरा महिन्यांनी सोनं घ्यायचं. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला भिशी बरी. पण बऱ्याच भिश्यांमधली सवलत घडणावळीवर असते आणि तीही फक्त दागिना घेतला तर. शेवटी नाणं मिळतं का, की दागिनाच घ्यावा लागतो, हे पहिला हप्ता भरण्याआधी छापील कागदावर वाचून घ्या. तोंडी "मिळतंय की ओ" चालत नाही. भिशीचा पैसा म्हणजे दुकानदाराला दिलेली उचल. दुकान बंद पडलं तर तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत. पोस्टात किंवा बँकेत आरडी लावली आणि वर्षाअखेर रोखीनं नाणं घेतलं तर ही भीती उरत नाही. मी हेच सुचवतो.

नाणं नक्की कशाला हवंय?

अडीनडीला गहाण टाकायला सोनं हवं असेल तर नाणं घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. बँका, पतसंस्था आणि सोनेतारणवाल्यांचा दागिन्यांवर हात मोकळा असतो. नाण्यांवर अटी येतात. एका कर्जदाराकडून ५० ग्रॅमपर्यंतच नाणी, आणि बिस्कीट किंवा लगड असेल तर कर्जच नाही. पहिलं नाणं घेणाऱ्याला ५० ग्रॅमची मर्यादा आड येणार नाही, हे खरं. पण काही शाखा नाणं बघितलं की मानच हलवतात. गहाणासाठी घ्यायचं तर साधी, खडे नसलेली, हॉलमार्कची (शुद्धतेची सरकारी खूण असलेली) अंगठी किंवा बाळी जास्त कामाची.

दोन-तीन वर्षांत लेकीला दागिना करायचाय, त्यासाठी थोडं थोडं जमवायचंय, असं असेल तर नाणं चालतं. पण मग ज्याच्याकडं दागिना करणार त्याच्याकडूनच घ्या. आपलंच नाणं घेताना तो बहुतेक कट लावत नाही. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत नाण्यांची माळ असते, कासुलपेरू म्हणतात तिला. मराठी घरात तशी पुतळ्यांची माळ. पूर्वीच्या बायका एकेक नाणं जमवून अशा माळा पुऱ्या करायच्या. आताच्या सीलबंद नाण्याला भोक पाडून माळेत ओवणार असाल तर मात्र सीलबंदचे जादा पैसे देऊच नका.

नुसती बचत करायची असेल, तर या लेखातलं सगळं तुमच्यासाठीच आहे.

वेढण्याचाही विचार करा. वेढणं म्हणजे चोख सोन्याच्या तारेचं साधं वळं. ना देव, ना डबी, ना नक्षी, म्हणून घडणावळ कमी. गुरुपुष्यामृताला आपल्याकडं पुष्कळ लोक हेच घेतात. ओळखीचा सराफ असेल आणि परत त्याच्याकडंच जायचं असेल तर माझ्या मते वेढणं नाण्यापेक्षा सरस. ओळख नसेल तर सीलबंद नाणं.

वजन: इथंच खरा खेळ आहे

भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी २४ कॅरेटचा ग्रॅमला १०,००० रुपये धरू. घडणावळीचे आणि मोडताना होणाऱ्या २ टक्के कटाचे आकडेही समजण्यापुरते घेतलेत. तुमच्या दुकानाचे आकडे घालून हाच हिशेब परत मांडा.

एक ग्रॅमचं नाणं. सोनं १०,०००, घडणावळ ६००, बेरीज १०,६००. त्यावर जीएसटी ३१८. एकूण १०,९१८. संध्याकाळी मोडलं तर २ टक्के कापून हातात ९,८००. दुकानाची पायरी उतरून परत चढेपर्यंत १,११८ रुपये गेले, म्हणजे शेकडा दहाच्या वर. भाव १०,००० वरून ११,१४० च्या आसपास जाईल तेव्हा कुठं तुमचं मुद्दल सुटेल.

अर्ध्या ग्रॅमचं बघा. सोनं ५,०००, घडणावळ ५००, जीएसटी १६५, एकूण ५,६६५. मोडल्यावर ४,९००. शेकडा साडेतेरा गेले. छोटं नाणं पाडायला मेहनत तेवढीच, पाकीटही तेवढंच, त्यामुळं वजन कमी तसा ग्रॅममागचा खर्च वाढत जातो.

आता पाच ग्रॅम. सोनं ५०,०००, घडणावळ १,२५०, जीएसटी १,५३७ रुपये ५० पैसे, एकूण ५२,७८७ रुपये ५० पैसे. मोडल्यावर ४९,०००. शेकडा सातच्या थोडं वर.

मग थांबून पाच ग्रॅमच घ्यावं का? आकडे तसंच म्हणतात. पण पाच ग्रॅमचं नाणं मोडायचं तर आख्खं मोडावं लागतं. दहा हजारांची नड असताना पन्नास हजारांचं सोनं मोडलं की उरलेले चाळीस हजार घरात टिकत नाहीत. माझ्या आईचा हा सिद्धांत आहे आणि तो चुकलेला मी बघितला नाही. दोन ग्रॅमचं एक नाणं वरच्याच पद्धतीनं, घडणावळ ८०० धरून, २१,४२४ ला पडतं. एक ग्रॅमची दोन घेतली तर २१,८३६. म्हणजे ४१२ रुपये जादा देऊन एकेक मोडायची सोय मिळते.

माझा कौल असा: ऐपत असेल तर पहिलं नाणं दोन ग्रॅमचं, नसेल तर एक ग्रॅमचं. अर्धा ग्रॅम बारशाला, मुंजीला द्यायला ठीक, बचत म्हणून नको.

वजनाच्या भाषेत एक खाचही आहे. घरातली म्हातारी माणसं तोळा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात जुना तोळा असतो: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ११.६६४ ग्रॅम. आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा १० ग्रॅम. दीड ग्रॅमहून जास्त असा हा फरक आजच्या भावात थोडाथोडका नाही. बोलणं ग्रॅममध्येच करा.

आणि "वन ग्रॅम गोल्ड" नावाच्या पाटीला भुलू नका. गड्ड्याच्या जत्रेत नाहीतर बाजारपेठेत जे वन ग्रॅमचे हार लटकलेले दिसतात ते दुसऱ्या धातूवर सोन्याचा मुलामा दिलेले असतात. ती नटायची वस्तू, तिचा एक ग्रॅमच्या नाण्याशी काही संबंध नाही. हसू नका, एका शिकलेल्या माणसानं मला हा प्रश्न विचारलाय.

शुद्धता: ९९९, ९९५, ९१६

नाण्यावर किंवा पाकिटावर तीन आकडी संख्या असते. ९९९ म्हणजे हजारात ९९९ भाग सोनं. ९९५ म्हणजे हजारात पाच भाग दुसरं काही. दोन्हींना बाजारात २४ कॅरेटच म्हणतात. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, दागिन्याचं सोनं.

९९९ आणि ९९५ मध्ये वरच्या भावानं ग्रॅमला ४० रुपयांचा फरक पडतो. म्हणजे ९९५ घेऊ नये असं काही नाही, पण ९९९ चा भाव देऊन ९९५ घेऊ नये. खरी ठेच ९१६ ला लागते. काही दुकानं २२ कॅरेटची नाणी ठेवतात. त्यात गैर काही नाही, भाव २२ कॅरेटचा लावला तर. ग्रॅममागं आठशेच्या वर फरक असतो. पाटीवरचे दोन भाव आणि नाण्यावरचा आकडा ताडून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

आता हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्या सक्तीतून नाणी, बिस्किटं आणि लगडी वगळलेल्या आहेत. दोन ग्रॅमच्या आतले दागिनेही वगळलेत. म्हणजे दागिन्याच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं उभा असतो, नाण्याच्या बाबतीत तुम्हालाच बघून घ्यावं लागतं. "हॉलमार्क तर कंपल्सरीच हाय, काळजी नको" असं नाणं विकताना कुणी म्हणालं तर त्याला माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नसल्याचा फायदा घेतोय.

तरी हॉलमार्क असलेली नाणी मिळतात. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, परवाना असलेले शुद्धीकरण कारखाने आणि टांकसाळी ती बनवतात. बीआयएसची त्रिकोणी खूण, शुद्धतेचा आकडा आणि पाकिटावर तपासणीचा क्रमांक बघा. मोबाइलवर "बीआयएस केअर" नावाचं सरकारी अॅप फुकट मिळतं. त्यात एचयूआयडी किंवा परवाना क्रमांक टाकून तपासता येतो. दुकानातच तपासा. तपासताना दुकानदाराचा चेहरा पडला तर तेही उत्तरच.

सरकारी छापाचं नाणं हवं असेल तर नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेलं "इंडियन गोल्ड कॉइन" आहे, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, ९९९ शुद्धता, हॉलमार्कसकट. चलन म्हणून मात्र ते चालत नाही. खासगी छापांमध्ये हरियाणातल्या नूहच्या कारखान्यातली एमएमटीसी-पॅम्पची नाणी ९९९.९ शुद्धतेची आणि क्रमांकाच्या सीलबंद पाकिटात येतात. बाहेरगावी मोडायची वेळ आली तर असं नावाजलेलं पाकीट ओळखायला सोपं जातं.

लोहचुंबकाची परीक्षा घरी करत बसू नका. तांबं, पितळ, चांदी यांनाही चुंबक ओढत नाही, त्यामुळं त्यातून काही कळत नाही. टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा तर सराफाकडच्या मशीनवर, आणि ते मशीनही वरवरचा थरच वाचतं. पुरती खात्री हॉलमार्क केंद्रात, आगीतल्या परीक्षेनंच होते.

कुठून घ्यायचं

सोलापुरात साधारण चार दारं आहेत.

पहिलं बँकेचं. पाकीट चोख, शुद्धतेची शंका नाही, पण भाव बाजारापेक्षा चढा असतो आणि बँक विकलेलं नाणं परत घेत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाला तिथं उत्तरच नाही. म्हणून बँक माझ्या यादीत शेवटी.

दुसरं ऑनलाइन. घडणावळ कधी कधी खरोखर कमी असते. पण मोडायला शेवटी गावातल्याच माणसाकडं जायचंय, आणि तो "आमचा माल नाही" म्हणणार. मागवलंच तर डबा उघडताना व्हिडिओ काढा. मोबाइलवर शंभर-शंभर रुपयांचं "डिजिटल सोनं" हा निराळा विषय. त्यावर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, देखरेख नाही, एवढं लक्षात असू द्या.

तिसरं मोठ्या साखळीची काचेची शोरूम. संगणकाचं बिल आणि छापील नियम मिळतात. आपल्या नाण्याला कट किती, दुसऱ्याच्या नाण्याला किती, हे तिथं बहुधा लिहिलेलं असतं. मागून घ्या. घडणावळ मात्र ताठ. घासाघीस केली तर "सिस्टीम घेत नाही" म्हणतात.

चौथं सराफ कट्टा. इथल्या जुन्या पेढ्यांवर मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं चालतं, आणि गिऱ्हाईक ज्या भाषेत शिरतं त्या भाषेत मालक बोलतो. घडणावळीवर बोलता येतं. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक असेल तर परत घेताना मान राखला जातो. पण इथंच "बिल कशाला ओ, जीएसटी वाचंल की तुमचा" हेही ऐकायला मिळतं. त्याबद्दल पुढं.

नवख्यानं काय करावं? सराफ कट्ट्यावर दोन पेढ्या आणि एक शोरूम, अशा तीन ठिकाणी एकाच दिवशी, न घेता, नुसतं विचारून यावं. लाज वाटून घेऊ नका. आपण शेंगाचटणी घेतानासुद्धा चार दुकानांत चव बघतो.

भाव आणि मुहूर्त

मुंबईची सराफांची संघटना, आयबीजेए, कामाच्या दिवशी दोन वेळा ९९९, ९९५, ९१६ असे दर जाहीर करते. ते जीएसटीशिवायचे असतात. गावातल्या दुकानाचा भाव त्याहून थोडा इकडंतिकडं असणारच. तरी सकाळी तो दर बघून निघालात तर समोरचा सांगतोय तो भाव कुठं बसतो याचा अंदाज येतो. "हा भाव जीएसटी धरून की सोडून?" हे विचारल्याशिवाय दोन दुकानांची तुलना करू नका. निम्मे घोळ इथंच होतात.

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे साडेतीन मुहूर्त, शिवाय धनत्रयोदशी आणि गुरुपुष्यामृत. या दिवशी गुंजभर का होईना सोनं घरात यावं अशी आपली रीत, तिची टिंगल मी करणार नाही. पण गर्दीत ना वजन नीट बघता येतं, ना प्रश्न विचारता येतात. यावर आमच्या शेजारच्या काकूंची तोड चांगली आहे. आठ दिवस आधी आडवारी दुपारी जाऊन त्या नाणं बघून, घडणावळ ठरवून येतात आणि मुहूर्ताला फक्त पैसे देऊन उचलतात. त्या दिवशीचा भाव लागतो, पण डोकं शांत असताना निवड झालेली असते.

काउंटरवर

दुपारी तीन-चारच्या सुमाराला जा. मालक जेवून आलेला असतो, गर्दी नसते. बोलणं साधारण असं होतं:

"मालक, एक ग्रॅमचं चोख नाणं दाखवा."

"हे बगा, लक्ष्मीचं. हे गणपतीचं. ह्यो नवीन माल, रंगीत."

"साधं दाखवा. नऊशे नव्व्याण्णव आहे का?"

"हाय की."

"घडणावळ किती? टक्क्यात नको, रुपयात सांगा."

"सातशे व्हतंय. तुमाला साडेसहाशे लावतो."

"आणि मोडायला आणलं तर कट किती ओ? पैसेच पायजेत, दागिना नको."

इथं तो थांबेल. ज्यानं लगेच "आमच्या नाण्याला दोन टक्के, पाकीट शाबूत असंल तर एक" असं आकड्यात सांगितलं, त्याच्याकडं घ्या. "ते त्या दिवशी बघू की" असं आलं तर नमस्कार करून बाहेर. तो लबाड असेलच असं नाही. पण त्या दिवशी गरज तुमची असणार आणि आकडा तो ठरवणार.

घडणावळ रुपयात का विचारायची? सहा टक्के म्हटलं की कानाला थोडं वाटतं. शिवाय भाव वाढला की टक्क्यातली घडणावळ आपोआप वाढते, नाणं पाडायची मेहनत मात्र तेवढीच राहते. रंगीत, मीनाकारीची, हृदयाच्या आकाराची नाणी टाळा. त्या नटण्यामुरडण्याचे पैसे मोडताना शून्य.

सुटं नाणं असेल तर काटा आधी शून्यावर आहे का बघा. सोन्याचा काटा काचेच्या पेटीत असतो, पेटीची दारं लावलेली हवीत, कारण पंख्याच्या वाऱ्यानंही मिलिग्रॅम हलतात. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर असतो. तो शोधायला लाजू नका. सीलबंद असेल तर पाकिटाच्या कडा नखानं हळूच चाचपा आणि पाकिटावरचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

बिल

कच्च्या चिठ्ठीवर नाणं घेऊन वाचलेला ३ टक्के जीएसटी मोडताना आणि भांडताना दुप्पट जातो. वरच्या उदाहरणात तो ३१८ रुपये होता. तेवढ्यासाठी शुद्धतेचा, वजनाचा आणि तारखेचा पुरावा सोडायचा? ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर कच्ची चिठ्ठी दाखवून तुम्हीच ओशाळे व्हाल.

पक्क्या बिलावर या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत हव्यात: निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव, घडणावळ, जीएसटी (राज्याचा दीड आणि केंद्राचा दीड टक्का), दुकानाचा जीएसटी क्रमांक, पाकिटाचा क्रमांक. एकच रक्कम लिहून खाली सही असेल तर परत करा आणि फोड करून मागा. परत घेण्याचा कट तोंडी ठरला असेल तर बिलाच्या मागं लिहून शिक्का मारून घ्या. पाच दुकानांतली दोन देतात. चकचकीत कागदावरचं बिल वर्ष-दोन वर्षांत पुसट होतं, म्हणून त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स.

दोन लाखांच्या वर खरेदी गेली तर पॅन लागतं आणि दोन लाख किंवा जास्त रोख दुकानदाराला घेताच येत नाही. लहान नाण्याला हे लागू होत नाही. तरी पैसे यूपीआयनं किंवा कार्डानं द्या, बँकेच्या पासबुकात दुसरा पुरावा तयार होतो. आयकराच्या झडतीत दागिने जप्त न करण्याची जी सवलत मिळते (विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅम, अविवाहितेला २५०, पुरुषाला १००) ती १९९४ सालची आणि दागिन्यांची आहे. नाण्यांची ढाल म्हणजे बिल.

घरी आणल्यावर

पाकीट फोडू नका. लक्ष्मीपूजनाला नाणं बाहेर काढून पंचामृतानं न्हाऊ घालायचा मोह आवरा. हळदकुंकू पाकिटावरून वाहिलं तरी पोचतं, असं आमच्या गुरुजींनी स्वतः सांगितलंय. बिल आणि नाणं एकाच डबीत ठेवू नका, दोन्ही एकदम जातात. घरातल्या एका तरी माणसाला दोन्ही कुठं आहेत ते माहीत असावं. आणि दारावर "दागिने पॉलिश करून देतो" म्हणत येणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

कुठली नाणी घेऊच नयेत

"शेतात खोदताना हंडा सापडला, शिवकालीन होन आहेत, गुपचूप अर्ध्या भावात देतो." हे सांगत फिरणारे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दाखवायला एक खरं नाणं असतं, पिशवीत पितळ. होन हा शब्दच कन्नडमधून आला, होन्नु म्हणजे सोनं, त्यामुळं आपल्या भागात ही गोष्ट लोकांना पटकन खरी वाटते. खरंच जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या कायद्यानं ते सरकारला कळवावं लागतं. विकत घेणाराही अडकतो.

आजोबांच्या वेळची इंग्रजांची गिन्नी कुणी देत असेल तर गोष्ट वेगळी. ती २२ कॅरेटची, साधारण ७.९९ ग्रॅम वजनाची. १९१८ साली तर ती मुंबईतही पाडली गेली होती. पण नकली गिन्न्याही तेवढ्याच, आणि जुनेपणाची किंमत जाणणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. पहिल्या नाण्यासाठी हा नाद नको.

मोडायची वेळ आली तर

आधी ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडं, बिल आणि ओळखपत्र घेऊन, सकाळचा भाव बघून. तिथं जमलं नाही तर आणखी दोन पेढ्या. दहा हजारांच्या वरची रक्कम तो खात्यावरच देईल, कारण त्याला तेवढी रोख खर्ची टाकता येत नाही. त्यात संशय घेऊ नका. विकणाऱ्या घरगुती माणसाला जीएसटी लागत नाही, त्या नावानं कुणी काही कापत असेल तर विचारा. नफा झाला असेल तर आयकर: २४ महिन्यांहून जास्त ठेवलेलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकलं तर तो नफा तुमच्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवून.

"वितळवून बघू की, मग भाव सांगतो" असं कुणी म्हणालं तर आधी वजन, टंच आणि ग्रॅममागं काय देणार ते कागदावर लिहून घ्या, आणि मगच भट्टीत टाकू द्या. एकदा वितळलं की पाकीट गेलं, क्रमांक गेला, तुमच्या हातात एक बिननावाची गोळी उरते आणि ती घेऊन दुसऱ्या पेढीवर गेलात की पहिला प्रश्न येतो, "कुठून आणलं ओ हे?"